डिंक न लावलेले दोन ठोकळे

आदरणीय दादा,

वाकून नमस्कार. (लांबून वाकणं सोपं आहे. तुमच्यासमोर वाकलो की हल्ली माझी कंबर लगेच सरळ होत नाही, मग तुम्हीच मला दोन्ही खांद्यांना धरून उभं करता आणि नमस्कार नक्की कोणी कोणाला केला ते कळेनासं होतं.)

तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? उजवा की डावा, ते मला आठवत नाही, त्याबद्दल क्षमा असावी. तुमच्या गुडघ्याची बातमी मला तिच्याकडून मिळायची आणि ती नुसतं 'दादाचा गुडघा' म्हणायची, बाजू सांगत नसे. तेव्हा दोन्ही गुडघ्यांची चौकशी करतो. गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर जो मऊ थर असतो त्यावर लांबलचक रेणू ब्रशच्या केसांसारखे उभे असतात आणि ते पाणी धरून ठेवतात, असं मी वाचलं. म्हणजे चालताना हाडावर हाड घासत नाही, पाण्यावर पाणी सरकतं. आमच्या कारखान्यातलं सगळ्यात महाग बेअरिंगसुद्धा इतकं अलगद फिरत नाही. अशा वस्तूने अडुसष्ट वर्षं बिनतक्रार काढली आणि आता थोडी कुरकुर केली, तर तिला फार बोलू नये असं माझं मत आहे. मी बरा आहे. जेवतो. (हे आधीच लिहून टाकतो, कारण सगळे तेच विचारतात.)

पत्राचं कारण तांत्रिक आहे. माझ्या हातून कामात एक चूक झाली, दोन ठोकळे एकमेकांना चिकटून बसले आहेत, ते सुटत नाहीत, आणि तुम्ही चौतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवलंत, तेव्हा तुमचा सल्ला घ्यावा असं वाटलं. सविस्तर पुढे लिहितोच. पण त्याआधी तो फोनचा विषय संपवला पाहिजे. त्या फोनला आता सव्वीस रविवार झाले. तेव्हापासून तुमचा फोन नाही. माझा तर कधी नव्हताच. तुम्ही रागावला असाल तर तसं कळावं. मेहुणा हे नातं बायकोकडून आलेलं असतं. ती गेल्यावर ते चालू राहतं की आपोआप बंद पडतं, हे मला माहीत नाही. कारखान्यात प्रत्येक गोष्टीचा नियम छापून भिंतीला लावलेला असतो, याचा कुठे लावलेला दिसला नाही. तुमच्या बाजूने ते बंद झालं असेल तर माझं म्हणावं असं फारसं कोणी उरत नाही, म्हणून विचारतो.

तर तो फोन. एकतीस वर्षं दर रविवारी दुपारी चार वाजता तुमचा फोन यायचा. उचलायचो मी, कारण त्या वेळी ती चहाच्या आधणापाशी असायची. तुम्ही म्हणायचा, "धाकटीला द्या." कधी लहर आली तर, "काय डिंकवाले, आहात का? धाकटीला द्या." मी म्हणायचो, "थांबा, देतो." मग रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवून तिला हाक मारायची आणि आपल्या खुर्चीत येऊन बसायचं. एकतीस वर्षांत आपण फोनवर एकमेकांशी बोललो ते एवढंच, आणि मला त्यात काही कमी वाटत नव्हतं. ती गेल्यावरच्या तिसऱ्या रविवारी चार वाजता फोन वाजला. मी उचलला. तुम्ही काही बोलला नाहीत. (तुम्ही सवयीने लावला होता आणि लावल्यावर तुमच्या लक्षात आलं, असं मी धरून चाललो आहे.) मी सवयीने म्हणालो, "थांबा, देतो," रिसीव्हर टेबलावर ठेवला आणि स्वयंपाकघरात गेलो. माझ्या लक्षात आलं ते तिथे पोचल्यावर. दादा, मी हाक मारली नव्हती, एवढं नीट सांगून ठेवतो. हाक मारायला तोंड उघडलं होतं फक्त. नळ थोडा टपकत होता तो मी घट्ट बंद केला. हात पुसायचं फडकं झटकलं आणि होतं तिथेच पुन्हा टांगलं. मग उभा राहिलो, कारण परत जाऊन तुम्हाला काय सांगायचं ते सुचेना. ती नाही, असं सांगायचं? ते तुम्हाला माहीत होतं, तुम्ही तर दवाखान्यात माझ्या शेजारीच बसला होतात. किती वेळ उभा होतो कोण जाणे. परत आलो तेव्हा फोन बंद झाला होता. या गृहस्थाने मला नुसतं ताटकळत ठेवलं, किंवा अशा प्रसंगी थट्टा केली, असं तुम्हाला वाटलं असेल. मास्तर माणसाला वाटणारच. पण तसं नव्हतं. त्या दिवशी माझ्या तोंडाला बातमी अजून पोचलेली नव्हती, एवढंच.

आता ठोकळ्यांकडे येतो. माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच, पण तुम्ही ते कधी मान्य केलेलं नाही, म्हणून पुन्हा लिहितो. आमच्या मापनखोलीत पोलादाचे छोटे चौकोनी ठोकळे असतात, प्रत्येकाची जाडी केसाच्या शंभराव्या भागापर्यंत नक्की. पंचवीस मिलिमीटर हवे असले तर वीसचा आणि पाचचा घ्यायचा, पुसायचे, एकमेकांवर आडवे टेकवून हलक्या हाताने फिरवायचे, की ते एकमेकांना धरतात. नुसते टेकलेले राहत नाहीत, धरतात. वरचा उचलला की खालचा त्याच्याबरोबर वर येतो. हेच ठोकळे मी लग्नानंतर दुसऱ्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा मऊ कातड्यात गुंडाळून आणले होते. पहिल्या भेटीत तुम्ही जेवता जेवता मला विचारलं होतं, घर्षण कशामुळे होतं? मी म्हणालो, रेणूंच्या ओढीमुळे. तुम्ही म्हणालात, "चूक. बसा." (मी बसलेलोच होतो. ताट पुढ्यात होतं.) मग तुम्ही पानावरच दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवलीत, की पृष्ठभागावर दाते असतात, दात्यात दाता अडकतो म्हणून घर्षण, आणि जितकं घासून गुळगुळीत करावं तितकं ते कमी. मला तेव्हा बोलता आलं नाही. मला वेळेवर बोलता येत नाही, हे तुम्ही जाणताच. म्हणून पुढच्या खेपेला ठोकळे आणले. जगात यापेक्षा गुळगुळीत काही मिळणार नाही, हे आता ओढून सोडवा, म्हणालो. तुम्ही ओढलेत. कान लाल झाले तुमचे. शेवटी ठोकळे माझ्या हातात देऊन म्हणालात, "डिंक लावलाय तुम्ही." त्या दिवसापासून मी डिंकवाले. तिने मध्ये पडून दोघांना आमटी वाढली आणि म्हणाली, "घासता तुम्ही दोघं, आणि गरम होते मी." हे वाक्य पुढे तिने एकतीस वर्षं वापरलं.

दादा, डिंक नव्हता. आज ते लेखी देतो. दात्यांपर्यंत तुमचं बरोबर आहे. कितीही सपाट वस्तू घेतली तरी तिच्यावर उंचवटे असतात आणि दोन वस्तू एकमेकींना टेकतात त्या फक्त त्या उंचवट्यांच्या टोकांवर. तुमच्या टेबलावर कप असेल (असणारच, तुम्ही चहाचा कप दुपारपर्यंत उचलत नाही अशी तिची तक्रार होती), त्या कपाचं बूड टेबलाला खरं टेकलेलं असतं ते तिळाएवढ्या जागेत. पण त्या तिळाएवढ्या जागेत या बाजूचे रेणू त्या बाजूच्या रेणूंच्या इतक्या जवळ येतात की एकमेकांना ओढून धरतात. अडकतं ते तिथे. कप सरकवायला गेलं की रेणू आधी जागा सोडत नाही. ताणला जातो. मग एकदम सुटतो, पुढच्या खळग्यात जाऊन पडतो, आणि पडल्यावर थरथरत राहतो. त्याची थरथर शेजाऱ्याला लागते, त्या शेजाऱ्याची त्याच्या शेजाऱ्याला. हात चोळल्यावर गरम होतात ते हेच. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, हालचाल थांबली, संपलं. आत ते बराच वेळ चालू असतं. आणि पृष्ठभाग जितके सपाट आणि स्वच्छ, तितके जास्त रेणू समोरासमोर येतात, म्हणून आमचे ठोकळे धरतात. हवा काढून घेतलेल्या पेटीत दोन अगदी स्वच्छ धातू टेकवले तर ते सुटतच नाहीत, एकच होऊन जातात, कारण आपण कुठे संपलो आणि समोरचा कुठे सुरू झाला हे कळायला मध्ये काहीतरी असावं लागतं. बाहेरच्या जगात प्रत्येक वस्तूवर पाण्याचा, तेलाचा, धुळीचा पातळ थर असतो. म्हणून कप उचलताना टेबल वर येत नाही. घाणीचे आपल्यावर फार उपकार आहेत. (हे मी तिला एकदा सांगितलं होतं, ती फरशी पुसत असताना. ते सांगायची वेळ ती नव्हती.)

आता चूक. आमच्या खोलीचा पहिला नियम असा की काम झालं की ठोकळे त्याच दिवशी सोडवायचे, पुसायचे, व्हॅसलीनचा हात द्यायचा आणि पेटीत आपापल्या खणात ठेवायचे. जोडलेले ठेवून घरी जायचं नाही. हा नियम मीच लिहून भिंतीला लावला आहे, एकोणतीस वर्षांपूर्वी, आणि तो मोडल्याबद्दल मी आजवर तिघांना बोललो आहे. त्या दिवशी मी वीसचा आणि पाचचा जोडला आणि दवाखान्यातून निरोप आला. मी तसाच निघालो. अठरा दिवसांनी कामावर गेलो तर माझ्या टेबलावर स्वच्छ रुमाल झाकलेला आणि त्यावर चिठ्ठी: 'कोणी हात लावू नये.' खाली ठोकळे जोडलेलेच. अठरा दिवस सगळा कारखाना माझ्या टेबलाला वळसा घालून जात होता. एकानेही ते सोडवले नाहीत, कारण माझ्या वस्तूंना हात लावणं त्यांना बरं वाटेना. चांगुलपणा म्हणायचा, दुसरं काय. पण ठोकळे चिकटले ते त्या चांगुलपणाने.

ओढून सुटेनात. सरकवून सुटेनात. मग मला आठवलं की थोडी ऊब दिली तर धातू किंचित फुगतो आणि पकड ढिली पडते. खोलीत शेगडी चालत नाही (दुसरा नियम, तोही माझाच), म्हणून मी ठोकळे काखेत धरून स्टुलावर बसलो. पोलाद फार गार असतं, दादा. डोळ्यांत पाणी आलं. नेमके तेव्हाच साहेब आत आले. त्यांना दिसलं ते असं, की माणूस एकटाच भिंतीकडे तोंड करून बसलाय, हात छातीशी घट्ट धरलाय, डोळे भरलेत. ते वळून दाराशी गेले, दार लावून घेतलं, परत आले, माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "घरी जा. चार दिवस येऊ नका. काही बोलू नका, मला कळतं." मी ठोकळ्यांचं सांगणार होतो. पण काखेतून ठोकळे काढून दाखवायचे तर त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव बघवेना, म्हणून तसाच उठलो आणि हात दाबलेला ठेवून चालत बाहेर पडलो. फाटकावरच्या पहारेकऱ्याने सलाम केला, तो मला डाव्या हाताने परत करावा लागला. असे ते ठोकळे माझ्याबरोबर घरी आले आणि मला चार दिवसांची सुट्टी मिळाली, जी मी मागितली नव्हती.

सुट्टीत काय करायचं हे मला कधीच कळलेलं नाही. पहिला दिवस झोपून काढला. दुसऱ्या दिवशी विचार केला की फोन दाराजवळच्या टेबलावर आहे आणि माझी खुर्ची खिडकीशी, तेव्हा रविवारी तुमचा पुन्हा फोन आला तर पोचेपर्यंत चार घंटा होतात, तेवढ्यात तुमचा विचार बदलायचा. फोन खुर्चीपाशी आणावा. पण वायर पुरेना, कारण ती लोखंडी कपाटाला वळसा घालून येते. म्हणजे कपाट हातभर सरकवलं पाहिजे. ते कपाट बावीस वर्षं एका जागी आहे. माणसाने आधी ते रिकामं केलं असतं. त्यात तिच्या गोष्टी आहेत, मी भरलेलंच ढकललं. पहिल्या ढकलण्याला काही नाही. दुसऱ्याला काही नाही. तिसऱ्याला ते जे किंचाळलं, तुम्हाला काय सांगू. खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या अशा वर आल्या. टाचण्या काढून म्हणाल्या, "अहो भाऊ, कोणाचा जीव घेताय का वर?" मी त्यांना समजावून सांगितलं की लोखंडाचा पाय फरशीला धरतो, वाकतो, सुटतो, पुन्हा धरतो, हे एका सेकंदात शेकडो वेळा होतं आणि आपल्याला ऐकू येतो तो त्याचा आवाज, कपाटाला काही दुखत नाही. वीस मिनिटं सांगितलं असेल. ती गेल्यापासून मी सलग इतकं बोललो नव्हतो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाऊ, जेवलात का?"

संध्याकाळी त्यांनी आपल्या यजमानांना माझ्याकडे बसायला पाठवलं. ते निवृत्त पोस्टमन आहेत आणि माझ्याहून कमी बोलतात. आम्ही तासभर बसलो. त्यांनी एकदा पंख्याकडे बघितलं, मीही बघितलं. निघायच्या वेळी ते कपाटाकडे बोट करून म्हणाले, "हे सरकवायचंय?" मग त्यांनी पायांखाली ओला साबण फिरवला, दोघांनी खांदा लावला आणि कपाट हातभर गेलं. मी आभार मानले. ते म्हणाले, "बोलवत जा की." तेवढंच म्हणाले, पण दोनदा म्हणाले. आता फोन खुर्चीच्या हाताशी आहे. बसल्या जागेवरून हात लांबवून मी चाचणी घेतली, पहिल्या घंटेला उचलता येतो. तेव्हापासून तो तीनदा वाजला. दोनदा वीज कंपनी. एकदा कोणीतरी विचारलं, गाद्यांचं दुकान का? मी नाही म्हणालो, पण कापसाच्या गादीपेक्षा काथ्याची पाठीला बरी, असं आमचं बोलणं नंतर बराच वेळ चाललं. सभ्य माणूस होता. त्याने शेवटी गादी कुठे घेतली ते कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग तुम्हीच फोन का नाही लावलात? रास्त आहे. त्याचंही कारण घर्षणातच आहे. दोन वस्तू एकमेकींवर नुसत्या पडून राहिल्या तरी त्यांची पकड वाढत जाते. उंचवट्यांची टोकं हळूहळू बसतात, पसरतात, आणखी रेणू समोरासमोर येतात. म्हणून पहिलं ढकलणं सगळ्यात जड. पहिल्या रविवारी मी फोन लावला नाही, कारण तुम्ही लावाल असं वाटलं. दुसऱ्या रविवारी लावला नाही, कारण पहिल्या रविवारी का लावला नाही ते आधी सांगावं लागलं असतं. पाचव्या रविवारपर्यंत सांगायचं इतकं साठलं की मी चार वाजता चपला घालून बाहेर जायला लागलो. पण परवा मी पुस्तकात नीट पाहिलं. पकड वाढते, पण कशी? पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जेवढी वाढते, तेवढीच दहापासून शंभरपर्यंत, आणि पुन्हा तेवढीच शंभरपासून हजारपर्यंत. म्हणजे उशीर झाला की बिघडतं, पण बिघडण्याचा वेग कमी होत जातो. हिशोब करून पाहिला. सव्वीस रविवार हे तीन रविवारांपेक्षा फार काही वाईट नाहीत. हे वाचल्यावर मी उठून चहा केला, आणि मग हे पत्र लिहायला बसलो.

आणखी एक लिहू की नको असं चाललंय. ती गेल्यानंतर माणसं पांगली त्या दिवशी दारात चपला घालता घालता कोणीतरी म्हणालं, धाकटी मध्ये होती म्हणून या दोघांचं निभलं, आता बघा. तुम्हीही ऐकलंत. तुमची मान हलली, ती होकारार्थी होती की नुसती, ते मला कळलं नाही. लोकांचं म्हणणं असं की ती आपल्यातलं वंगण होती. असेल. पण मापनखोलीत मी पाहिलंय, तेलाचा थर जाड असेल तर वस्तू घसरतात. तेच तेल पुसत पुसत रेणू-दोन रेणूंइतकं पातळ उरलं, तर तेच दोघांना धरून ठेवतं. पूर्ण पुसून तर ते जातच नाही. याच्या पुढचं मला नीट मांडता येत नाही, तुम्ही शिकवलेलं आहे, तुम्ही मांडा.

तरी ठोकळे कसे सोडवावेत याबद्दल आपला सल्ला सवडीने कळवावा. घाई नाही. गुडघ्याला जपा, दोन्ही.

आपला,
डिंकवाले

ता. क. ठोकळ्यांबद्दल कळवायची तसदी घेऊ नये. ते सुटले आहेत. खरं म्हणजे सुट्टीच्या चौथ्या दिवशीच सुटले, रॉकेलचे दोन थेंब आणि जरासा पीळ, दोन मिनिटांत झालं. मला पहिल्या दिवशीही हा उपाय माहीत होता. इतकी वर्षं दुसरं काय केलंय. सुटल्यावर भिंगाखाली पाहिलं तर याचे कण त्याच्यावर आणि त्याचे याच्यावर आलेले दिसले. असे ठोकळे मापाला चालत नाहीत. साहेबांना खरं काय ते सांगितलं. काखेचं ऐकून ते इतके हसले की स्टुलावर बसले, आणि मग म्हणाले, ठेवा तुमच्याकडे.

ता. क. दुसरा. खरं विचारायचं होतं ते वेगळंच आहे. रविवारी चार वाजता मी माझ्या खुर्चीत असायचो आणि ती तुमच्याशी बोलायची, त्यातलं तिच्या बाजूचं अर्धं बोलणं मला पाठ आहे. "हो का?" "मग?" "नाही हं, तेव्हा तू पळालास, मी नाही." एकदा तर डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली आणि म्हणाली, "अजून तिथेच पडलाय?" मी नंतर विचारलं, काय पडलाय? तर म्हणाली, "काही नाही हो, आमचं आहे ते." मी पुन्हा विचारलं नाही. तुमच्या बाजूचं अर्धं मला कधी ऐकू आलं नाही, दादा. एकतीस वर्षांचं आहे, एका रविवारी होणार नाही, हे मला कळतं. तुम्ही थोडं थोडं सांगा. मी मध्ये बोलणार नाही. काय पडलं होतं, तिथून सुरुवात केलीत तरी चालेल.

ता. क. तिसरा. आज गुरुवार, सकाळी हे पत्र टाकायला गेलो. पाकीट इतकं जाड झालंय की टपालपेटीच्या फटीत अर्धं गेलं आणि अडकलं. पुढेही जाईना, मागेही येईना. बरीच ओढाताण झाली. लोक जमले, त्यातल्या एकाने मला टपालचोर ठरवलं. शेवटी निघालं, पण कोपरा फाटला. असं फाटकं पाकीट मास्तरांना कसं पाठवायचं, या विचारात उभा होतो, तर समोर बसस्थानक.

ता. क. शेवटचा. हे तुमच्या जिन्यात, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मध्ये बसून लिहितोय. वर तुमचा रेडिओ ऐकू येतोय, आणि मध्येच तुमचं खोकणं. मी आता घंटा वाजवणार आहे. तुम्ही दार उघडलंत की मला काही बोलता येणार नाही, म्हणून हे पाकीट हातात देईन. तुम्ही चष्मा शोधाल, तोवर मी थांबतो. पहिल्यापासून वाचा, सावकाश, शुद्धलेखनाच्या चुका नंतर काढा. तुम्ही हे वाचत असताना मी दारातच उभा असेन. इथवर आला असाल तर आता मान वर करा आणि मला आत घ्या.